पळस वाळताना

प्रश्न : पश्चिम नागपुरात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आहे. वय ५६. गेल्या जुलैपासून त्या रोज सकाळी एक वाळलेलं फूल, शेंग, पान किंवा बी मोबाइलवर टिपतात. सेमिनरी हिल्सकडे फिरायला गेलं की वेचून आणायचं, घरी खिडकीत पांढऱ्या कागदावर ठेवायचं, वरून एक फोटो काढायचा, असा नेम. जानेवारीत घरी तान्ही नात आली आणि १७ दिवस एकही फोटो झाला नाही. 'नेम मोडला' ही टोचणी तेव्हापासून सुटत नाही. मागचे फोटो सलग पाहिले तर 'सगळे एकसारखे, तपकिरी, मेलेले' वाटतात. मुलगा पुण्याहून सांगतो, ६०,००० रुपयांचा कॅमेरा घे, मोबाइलवर हे होत नसतं. सासूबाई म्हणतात, 'हा कचरा कायले आणते वो घरात? सुकलेली फुलं घरात ठेवत नाहीत.' पावसाळ्यात निम्म्या वस्तूंना बुरशी आली, आणि आता शेंगांच्या, गुंजांच्या लिफाफ्यांतून बारीक भुंगेरे निघतात. शेवटचा प्रश्न असा : 'कॅमेरा घेऊन नीट करू, की हा नाद सोडून देऊ?'

ताई,

तुम्ही दोनच वाटा मांडल्या आहेत, पैसे घाला किंवा बंद करा. पत्र वाचून मात्र असं वाटतं की बिघाड यांपैकी कुठेच नाही.

आधी ते १७ दिवस निकालात काढू. जुलै ते फेब्रुवारी साधारण २४० दिवस होतात, त्यातले १७ गेले. उरलेल्या सव्वादोनशे दिवसांना तुम्ही पत्रात एक ओळही दिली नाही. 'नेम' हा शब्द आपल्याकडे व्रतासोबत येतो आणि व्रत खंडलं की प्रायश्चित्तही ओघानं येतं. फोटोला तसलं काही लागू नाही. एकच करू नका : राहिलेले १७ फोटो एका रविवारी बसून काढणं. तसे काढलेले फोटो ओळखू येतात, तुम्हाला तर नक्कीच. वहीत त्या तारखांसमोर 'नात आली' असं लिहा आणि पुढे चला. पुढच्यासाठी नियम थोडा सैल करा. आठवड्यात पाच दिवस पुरेत, आणि ज्या दिवशी घरात गडबड असेल त्या दिवशी कालचीच वस्तू, त्याच जागी, एकदा टिपली तरी तो दिवस धरायचा.

ही शेवटची सवलत दिसते तेवढी लहान नाही, कारण तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत आहे : रोज फोटो म्हणजे रोज नवी वस्तू. असं कोणी ठरवलं? नवी वस्तू शोधण्यात सकाळची चाळीस मिनिटं जातात, ती पाहण्यात दोन. शिवाय तुमच्या हाती येते तेव्हा ती वाळून झालेली असते. शेवटाचे फोटो तुमच्याकडे सव्वादोनशे आहेत, वाळण्याचा एकही नाही.

आता फेब्रुवारी संपतो आहे, पळस फुलला आहे. सकाळी सातच्या आत झाडाखालून ताजी पडलेली पाच-सहा फुलं उचला. त्यातलं एक खिडकीत ठेवा आणि तेच रोज टिपा. पहिल्या दिवशी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली पाकळी जाड, मखमली, पेटल्यासारखी नारिंगी असते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत दुसऱ्या दिवसापासून कडा करपायला लागतात आणि नारिंगी रंग पिवळट गेरूकडे सरकतो. मग पाकळी पातळ होत जाते आणि आजवर रंगाखाली दडलेल्या शिरा वर येतात. तिरप्या उजेडात त्या कागदावर पेन्सिलीनं ओढल्यासारख्या दिसतात. या सगळ्यात फुलाच्या बुडाचा काळपट, लव असलेला पेला जवळजवळ तसाच राहतो. पाकळ्या आक्रसतात, तो हलत नाही, म्हणून पहिल्या दिवशी बेताचा वाटलेला पेला आठवड्यानं फुलापेक्षा मोठा वाटतो. सहा-सात फोटो शेजारी ठेवले की हे दिसतं. एकट्या फोटोत दिसायचं नाही.

एकाच ठरावीक पद्धतीनं वर्षानुवर्षं टिपण्याला चांगला आधारही आहे. जर्मनीचे कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५-१९३२) बर्लिनच्या कलाशाळेत शिकवत. विद्यार्थ्यांना आकार समजावेत म्हणून त्यांनी सुमारे तीस वर्षं झाडांच्या फांद्या, कळ्या, शेंगा, वाळकी देठं टिपली, तीही घरी बनवलेल्या कॅमेऱ्यानं. मागे साधा पुठ्ठा, उजेड मऊ. पद्धत जवळजवळ बदललीच नाही. १९२८ मध्ये ते फोटो पुस्तकरूपानं लोकांसमोर आले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्यांचे फोटो एकसारखे दिसतात ही तक्रार कुणी करत नाही. एकसारखी मांडणी आणि एकसारखं दिसणं यात फरक असतो, आणि तुमच्या फोटोंत दुसरी गोष्ट का होते ते आता पाहू.

तुम्ही लिहिता, पांढरा कागद, वरून फोटो. तपकिरी वस्तू पांढऱ्या कागदावर सपाट उजेडात ठेवली की ती डागासारखी दिसते. वरून घेतलं की उंची गेली. समोरून सारखा उजेड पडला की पोत गेला. आता उरली बाह्यरेषा आणि तपकिरी रंग. त्यात मोबाइल स्वतःची भर घालतो. पांढरा कागद चौकटीत जास्त असला की कॅमेऱ्याला दृश्य फार उजळ वाटतं, तो सगळंच गडद करतो, आणि कागद मळकट राखाडी, शेंग जवळजवळ काळी निघते. मग आपण एडिटिंगमध्ये उजळवतो आणि रंग फाटतो. उपाय फोटो काढतानाच करायचा. पडद्यावर वस्तूवर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड कुलूपबंद होतात. मग वस्तू पांढऱ्या कागदावर असेल तर शेजारचं सूर्याचं चिन्ह किंचित वर सरकवा. काळ्या पार्श्वभूमीवर उलटं, खाली सरकवायचं.

पांढरा कागद मात्र काही दिवस कपाटातच राहू द्या. सीताबर्डीच्या बाजारातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात कार्डपेपर मिळतो. मध्यम राखाडी, गडद निळा आणि काळा असे तीन घ्या, चकाकी नसलेले. तपकिरी निळ्यावर जेवढी उठते तेवढी दुसऱ्या कशावरच नाही. घरात जुनी दगडी पाटी असेल तर ती या तिन्हींहून सरस. पाटी ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळवा, नाहीतर खडूचा धुरळा फोटोत बुरशीसारखा दिसतो.

आता उजेड. वस्तू खिडकीपासून दोनेक फूट आत, खिडकी डाव्या हाताला. उजव्या बाजूला, वस्तूपासून वीतभर अंतरावर थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा. तो जवळ आणला की सावली उजळते, दूर नेला की गडद होते. बाभळीच्या शेंगेसारख्या उंचसखल वस्तूला थर्माकोल काढूनच टाका, सावलीच तिचा आकार सांगते. पोत हवा असेल तर खिडकीचा वरचा भाग पडद्यानं झाकून उजेड खालून, जवळजवळ जमिनीला समांतर येऊ द्या. ही युक्ती शिकायला सगळ्यात उत्तम वस्तू आपल्या घरात फुकट असते : संत्र्याची वाळलेली साल. समोरच्या उजेडात ती नुसतं चामडं. तिरप्या उजेडात तेलाच्या एकेका ग्रंथीचा खळगा वेगळा दिसतो आणि आतल्या बाजूचे पांढरे तंतू जाळीसारखे उठतात. आठवडाभर नुसती ही साल टिपली तरी हात बसेल.

खोलीतली ट्यूब किंवा एलईडी बंद ठेवा. खिडकीचा निळसर उजेड आणि दिव्याचा पिवळा किंवा हिरवट उजेड एकत्र झाले की तपकिरी रंग कधीच बरोबर येत नाही. दिव्याखाली मोबाइल पडद्यावर आडवे पट्टेही येऊ शकतात. सेटिंगमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची ऊब ठरवणारा पर्याय, 'डेलाइट'वर बांधता येत असेल तर बांधा. ऑटोवर ठेवला तर कॅमेरा तपकिरीतली ऊब स्वतःहून काढून टाकतो, आणि तुम्ही ज्याला 'मेलेले' म्हणता ते बऱ्याच अंशी हेच.

खिडकी कुठली? उत्तरेची असेल तर थंडीत तिच्यात ऊन येतच नाही, दिवसभर मऊ उजेड. उन्हाळ्यात मात्र सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन तिथेही घुसतं. नागपूर २१ अक्षांशावर आहे, मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो. दक्षिणेच्या खिडकीची गत उलटी : डिसेंबरात दुपारचा सूर्य जेमतेम ४५ अंशांवर, म्हणजे ऊन थेट टेबलावर. ऊन आलं की काचेला ट्रेसिंग पेपर चिकटवा, चारही कडा टेपनं. तेवढं पुरतं.

आणि आपला कूलर. एप्रिल ते जून हा या छंदातला सगळ्यात मोठा शत्रू, आणि बाहेरगावच्या कुठल्याही पुस्तकात त्याचा उल्लेख सापडणार नाही. वाळ्याच्या ताट्यांतून आलेली ओली हवा तासाभरात कागदी पाकळ्या नरम करते. बोगनवेल, गोमफ्रेनाची गोंड्यासारखी फुलं, कोंबडा नावाचं सुकलेलं फूल, सगळ्यांचा कडकपणा जातो, कडा वाकतात. त्यातून झोत असा की काटेसावरीचा कापूस स्वयंपाकघरात सापडतो. उन्हाळ्यात फोटोची वेळ सकाळी साडेसहा ते आठ, कूलर सुरू व्हायच्या आधी, पंखाही बंद. जमत नसेल तर खोली बदला. वस्तू साठवायच्या डब्याची जागाही कूलर नसलेल्या खोलीतच हवी.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर मुलाचं प्रेम समजतं, हिशेब पटत नाही. १२ मेगापिक्सेलचा मोबाइल फोटो म्हणजे साधारण ४००० बाय ३००० ठिपके. ए-४ कागदावर ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापायला ३५०८ बाय २४८० लागतात. म्हणजे ए-४पर्यंत तुमचा फोन पुरतो. दुसरं म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स जेमतेम ७ सेंटिमीटर रुंदीची वस्तू चौकट भरून दाखवते, त्याहून जवळ नाही. सागाच्या फळाला तेवढं चालेल, शिरीषाच्या बीला नाही. त्यासाठी अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स वेगळी, तिचे पैसे वेगळे. ६०,००० तिथे थांबत नाहीत.

त्याऐवजी आधी मोबाइल धरणारा छोटा ट्रायपॉड घ्या. खिडकीच्या उजेडात शटर मंद होतं, हात हलतो, आणि आपण त्याला 'कॅमेरा खराब' म्हणतो. ट्रायपॉडवर लावून २ किंवा ३ सेकंदांचा टायमर ठेवा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही जातो. वस्तूला मोबाइल टेकवायला जाऊ नका. बहुतेक फोनची मुख्य लेन्स दहा-पंधरा सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही. तिथे पोचलात की फोन गुपचूप दुसऱ्या, रुंद लेन्सवर उडी मारतो आणि कडा मऊ, वाकड्या येतात. वीतभर मागे या, झूम २ एक्सवर ठेवा. आकारही नैसर्गिक राहतो आणि फोनची सावलीही पडत नाही. बी फारच बारीक असेल तर चिमट्यानं लावायची क्लोजअप भिंग मिळते, स्वस्त असते. पण तिनं फोकसची जाडी दोन-तीन मिलिमीटरवर येते, म्हणून बी आडवी, लेन्सला समांतर ठेवा.

पुढच्या दिवाळीपर्यंत एवढ्यावर काम करून पाहा. तरीही तीन गोष्टी वारंवार अडत असतील, म्हणजे मिलिमीटरभर बियांत शिरायचं आहे, ए-४पेक्षा मोठं छापायचं आहे, किंवा फोन तुमच्या मनाविरुद्ध फोकस बदलतो आहे, तर कॅमेरा घ्या. तेव्हाही वापरलेली बॉडी, ५० मिलिमीटरची लेन्स आणि तिच्यामागे २५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे बॉडी आणि लेन्सच्या मधे बसणारी पोकळ नळी, एवढं घेतलं तर वस्तू सेन्सरवर तिच्या निम्म्याहून थोड्या मोठ्या आकारात उतरते. लेन्सचं छिद्र एफ-८ ते एफ-११, सेन्सरची उजेडाची संवेदना (आयएसओ) १००, ट्रायपॉड. एफ-१६च्या पुढे जाऊ नका, इतक्या जवळून चित्र पुन्हा मऊ पडायला लागतं.

आता बुरशी आणि भुंगेरे. याबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्या, पण खरं नुकसान इथेच झालं आहे.

बुरशी येते कारण वस्तू वाळलेली दिसते आणि आत ओल असते. पावसाळ्यात तर वाळलेली वस्तूही हवेतली ओल परत ओढून घेते. तुम्ही जुलैत सुरुवात केली, नागपुरात यासाठी वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यांपैकी एक. ऑक्टोबर ते मे आपली हवा या कामाला इतकी चांगली आहे की कोकणातल्या माणसाला हेवा वाटावा. पाच-सात देठांची सैल जुडी बांधून, उलटी, अंधाऱ्या पण वारा खेळणाऱ्या जागी टांगली की झालं. उन्हात मात्र वाळवू नका. मेच्या उन्हात फूल दोन दिवसांत कडक होतं खरं, पण रंग उडतो आणि पाकळी बोट लावताच चुरा होते.

फुलाचा आकार जसाच्या तसा हवा असेल, शेवंती किंवा झेंडू, तर सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे खडे. घट्ट झाकणाच्या डब्यात तळाला दोन-तीन सेंटिमीटर थर, त्यावर फूल तोंड वर करून, मग चमच्यानं कडेकडेनं जेल सोडत पाकळ्यांच्या मधे भरत जायचं. वरून एकदम ओतलं की पाकळ्या दबतात, मग त्या उठत नाहीत. झाकण लावून चार ते सात दिवस. नारिंगी खड्यांचं जेल घ्या, ओल शोषली की ते हिरवट होतं. निळ्या खड्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, बाळ असलेल्या घरात ते नकोच. हिरवं झालेलं जेल ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन तास ठेवलं की परत कामाला येतं. गच्चीवरचं मेचं ऊनही त्याला पुरत नाही, तेवढ्यासाठी प्रयत्न करू नका. स्वस्त मार्ग हवा असेल तर बारीक रेती : चार-पाच पाण्यांनी धुवायची, पीठ चाळायच्या चाळणीनं चाळायची, कढईत कोरडी भाजून गार करायची. तिच्यात फुलाला दोन-तीन आठवडे लागतात. जाड रेती पाकळ्यांवर टिंबटिंब उमटवते, ते फोटोत लपत नाही.

पानं आणि चपटी फुलं दाबायची असतील तर वर्तमानपत्राच्या घड्या आणि आठ-दहा किलो वजन. लोकांचं चुकतं ते कागद बदलण्यात. पहिले चार दिवस रोज, मग दिवसाआड. कागद बदलला नाही की पान काळं पडतं. गोकर्णाचा निळा रंग दाबल्यावर बऱ्यापैकी टिकतो, गुलाबाचा लाल काळपट होतो, मोगरा-जाई तपकिरी पडतात आणि त्याला इलाज नाही. पांढरी फुलं वाळवू नका असं नाही, पण पांढरी राहतील ही आशा सोडा.

भुंगेरे म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचे लालसर तपकिरी किडे, लिफाफ्यात बारीक पीठ आणि टाचणीएवढी भोकं पाडणारे. वाळलेली वनस्पती हेच त्यांचं अन्न. मुक्काम लिफाफ्यातच राहील याची खात्री नाही, हळद, धणे, मिरचीच्या डब्यांतही ते सुखानं नांदतात. सासूबाईंची तक्रार म्हणूनच हसण्यावारी नेऊ नका. शब्द शकुनाचे असतील, पण स्वयंपाकघर सांभाळलेल्या माणसाला लिफाफ्यातलं पीठ काय आहे ते कळतं.

जे भोकाळलं आहे, ज्यावर काळा-हिरवा थर आहे ते टाका, पुसत बसू नका. पुसल्यानं बुरशीचे कण हवेत जातात, आणि घरात तान्हं बाळ आहे. बाकीचं पूर्ण कोरडं आहे ना पाहून झिपच्या पिशवीत हवा काढून फ्रीजरमध्ये सात दिवस, बाहेर एक दिवस, परत सात दिवस. मधला दिवस किड्यांच्या वाचलेल्या अंड्यांसाठी. पिशवी बाहेर काढली की लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंद. नाहीतर गार शेंगेवर दव धरतं आणि सगळा खटाटोप वाया. फ्रीजरमध्ये मटाराशेजारी सावरीची बोंडं ठेवायची परवानगी कशी मिळवायची ते मात्र तुम्हीच बघा.

पावसाळ्याआधी, म्हणजे मेअखेर, सगळं घट्ट झाकणाच्या पाच लिटरच्या डब्यांत घाला, प्रत्येकात शंभर ग्रॅम सिलिका जेलची पुरचुंडी. डांबराच्या गोळ्या नकोत, वास आणि वाफ दोन्ही बाळाला वाईट. जुलै-ऑगस्टमध्ये नवं वाळवायला घेऊच नका. त्या दोन महिन्यांत डब्यातल्या वस्तू, दगड, साली, बिया टिपा. सप्टेंबरअखेर कुर्डू पिकायला लागतो, त्याच्या गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांना वाळवावंही लागत नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका, हद्द आखा. निर्माल्य फोटोला घ्यायचं नाही, देवाला वाहिलेलं फूल निर्माल्याच्याच वाटेनं जाईल, हे आधी सांगून टाका. मग जागा : दोन डबे, एक फळी, त्याच्या बाहेर एक काडी नाही. नवं आलं की जुनं कुंडीत. एवढं पाळलं की घरातला अर्धा राग ओसरतो. आणि वेचून आणलेल्या शेंगेचं नाव त्यांना विचारा. तुम्ही ज्याला वहीत 'अनोळखी शेंग' लिहिलं असेल, तिला त्यांच्या बोलीत नाव असण्याची शक्यता बरीच आहे. ते नाव लिफाफ्यावर लिहा, तारीख आणि जागेसोबत. तारीख-जागा नसलेली वाळकी शेंग दोन वर्षांनी तुम्हालाही परकी वाटेल.

काय वेचावं? आत्ता शिरीषाच्या गवती रंगाच्या शेंगा झाडावर खुळखुळत असतील. त्या पाटीवर ठेवू नका. खिडकीच्या काचेला पारदर्शक टेपच्या बारीक तुकड्यानं चिकटवा आणि आतून टिपा. शेंग कागदासारखी उजळते आणि बियांच्या सावल्या एका ओळीत दिसतात. पिंपळाच्या जाळीदार पानालाही हीच रीत. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं, एप्रिल-मेमध्ये सावरीची बोंडं फुटतात. बहाव्याची शेंग हात-दीड हात लांब, तिला पूर्ण चौकटीत बसवायचा हट्ट सोडा. करवतीनं आडवी कापली तर आत नाण्यांसारखे पडदे एकावर एक रचलेले दिसतात, फक्त गर चिकट असतो, पाटीवर खाली कागद घाला. सागाची आणि अर्जुनाची पाच पंखांची फळं, कांचनाच्या पिळलेल्या शेंगा हेही यादीत ठेवा.

पडलेलंच उचला. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्यासारख्या संरक्षित जंगलात गेलात तर काहीच नाही, तिथून काडीसुद्धा आणणं कायद्यात बसत नाही. तिथे जागेवरच फोटो घ्या. आणि एक शेंग ओळखून ठेवा, खाजकुयली : सोनेरी तपकिरी मखमल, इंग्रजी एससारखी वाकलेली, बघताक्षणी उचलावीशी वाटणारी. ती मखमल म्हणजे सुटे होणारे केस, हाताला, मानेला, डोळ्याला आग लावतात. घरात आणलीत तर पंखा उरलेलं काम करतो.

तुमच्या गुंजांचं आजच बघा. लाल-काळ्या गुंजा फोटोत सुरेख दिसतात. त्यांच्या कवचाआड जे विष आहे ते गंभीर आहे, फोडलेली, चावलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली एक बीसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. भुंगेऱ्यांनी पोखरलेल्या लिफाफ्यातून बिया कधीही गळून पलंगाखाली जातील. चांगले फोटो निघाले असतील तर गुंजा घराबाहेरच काढा. ठेवायच्याच असतील तर मोजून, फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बाटलीत, कुलपाच्या कपाटात, आणि वहीत आकडा लिहून. पावसाळा सरेपर्यंत नात रांगायला लागेल. त्याच्या आत एकदा फळीखालची, सोफ्याखालची जागा टॉर्च लावून झाडून घ्या.